घरचा वाद, बाहेरचे बोल

30 नोव्हेंबर 2020, कार्तिक पौर्णिमा. महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागले होते आणि पंजाबात गुरू नानकांची जयंती होती. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध चार दिवसांपूर्वी निघालेले पंजाब-हरियाणाचे हजारो शेतकरी दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत मुक्काम ठोकून होते. त्या जयंतीनिमित्त कॅनडात झालेल्या एका ऑनलाइन कार्यक्रमात पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी या आंदोलनाचा उल्लेख केला. परिस्थिती चिंताजनक आहे, शांततेने निदर्शने करण्याच्या हक्काच्या बाजूने कॅनडा नेहमी उभा राहील आणि भारत सरकारपर्यंत आम्ही आमची काळजी पोहोचवली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने हे विधान अपुऱ्या माहितीवर आधारलेले आणि अनाठायी असल्याचे सांगितले. 4 डिसेंबरला कॅनडाच्या उच्चायुक्तांना बोलावून, असेच चालू राहिले तर दोन्ही देशांच्या संबंधांवर गंभीर परिणाम होतील, अशी समज देण्यात आली. त्याच दिवशी ट्रुडो यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले.

एका देशाच्या नेत्याने दुसऱ्या देशाच्या अंतर्गत राजकारणावर बोलावे का, हा प्रश्न जुना आहे. या प्रसंगाने तो आपल्या दारात आणून ठेवला. त्यावरच्या चर्चेची पार्श्वभूमी काय, कोणत्या भूमिका समोर आहेत आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

चंडीगडहून पाहताना

हा प्रश्न दिल्लीहून पाहिला तर परराष्ट्र धोरणाचा वाटतो. चंडीगडहून पाहिला की तो घरातला होतो. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची ही राजधानी. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध पंजाब विधानसभेने 20 ऑक्टोबर 2020 रोजी स्वतःची विधेयके मंजूर केली, ती इथल्याच सभागृहात. आंदोलनाच्या काळात शहराच्या चौकाचौकांत तरुण मुले-मुली फलक धरून उभी राहत. मटका चौकात तर एक वृद्ध निहंग शीख शेतकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी महिनोन्महिने ठाण मांडून होते.

याच शहरात सेक्टर 17 आणि 34 मधल्या इमारतींवर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या शिकवण्यांचे आणि व्हिसा सल्लागारांचे फलक एकावर एक चढलेले दिसतात. कॅनडाच्या 2021 च्या जनगणनेत तिथल्या शिखांची संख्या सुमारे 7 लाख 70 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून थोडी अधिक, भरली. पंजाबातल्या घरी रात्रीची जेवणे होत असतात तेव्हा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये सकाळ असते आणि ती फोन करायची वेळ असते. वडील सिंघूला आणि मुलगा ब्रॅम्प्टनला असेल, तर त्या मुलाला वडिलांची काळजी वाटणे हे परराष्ट्र व्यवहारात मोडत नाही. त्याने ती काळजी आपल्या खासदाराच्या कानावर घालणे हा तिथला त्याचा नागरिक म्हणून हक्क आहे. पण खासदाराकडून ती पंतप्रधानांपर्यंत गेली आणि त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली की तिचे स्वरूप बदलते. कुटुंबाची काळजी नेमकी कोणत्या पायरीवर राज्याचा हस्तक्षेप होते, हा या वादाचा गाभा आहे.

कायदा काय सांगतो

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 2 मधले सातवे उपकलम, कोणत्याही देशाच्या अंतर्गत अधिकारातल्या बाबींत हस्तक्षेप करण्यापासून संयुक्त राष्ट्रांना अडवते. 29 एप्रिल 1954 रोजी भारत आणि चीन यांनी तिबेटविषयक करार केला, त्यातल्या पंचशीलात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे तत्त्व आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचे कलम 41 हेच बंधन दुसऱ्या देशात नेमलेल्या राजदूतावर आणि त्याच्या कर्मचाऱ्यांवर घालते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 साली केलेल्या जाहीरनाम्याने ते सर्व राष्ट्रांसाठी विस्ताराने मांडले.

मात्र नुसते बोलणे म्हणजे हस्तक्षेप का, हे या मजकुरांतून स्पष्ट होत नाही. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1986 साली दिलेला निकाल इथे कसोटी म्हणून वापरला जातो. जबरदस्ती, सक्ती असेल तर हस्तक्षेप बेकायदा ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. या कसोटीवर ट्रुडो यांचे विधान बेकायदा ठरवणे कठीण आहे, कारण त्यामागे धमकी नव्हती की निर्बंध नव्हते. दुसऱ्या बाजूला, 1993 च्या व्हिएन्ना मानवी हक्क परिषदेने मानवी हक्क हा साऱ्या आंतरराष्ट्रीय समुदायाच्या रास्त आस्थेचा विषय असल्याचे मान्य केले. म्हणजे कायदा सक्तीला अडवतो, शब्दाला सहसा अडवत नाही. बाकीचा सगळा वाद औचित्याचा आहे.

भारताचा स्वतःचा अनुभव

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना भारत उभा राहिलेला आहे. ते लक्षात घेतल्याशिवाय आजचा वाद कळत नाही.

1946 साली, स्वातंत्र्यही मिळाले नव्हते तेव्हा, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, कोकणातल्या बांबुळीच्या पंडित घराण्याच्या सूनबाई. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असे दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स सांगत होते. 8 डिसेंबर 1946 रोजी आमसभेने 32 विरुद्ध 15 मतांनी भारताच्या बाजूने कौल दिला. अंतर्गत बाब ही ढाल वंशभेदाला पुरेशी नाही, हे जगासमोर मांडणाऱ्यांत भारत अग्रभागी होता.

गोव्याचे उदाहरण मराठी माणसाच्या अधिक जवळचे आहे. पोर्तुगालने 1951 साली घटनादुरुस्ती करून गोव्याला सागरापलीकडचा आपला प्रांत ठरवले, म्हणजे गोवा हा पोर्तुगालचा घरगुती प्रश्न झाला. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी 2 डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त पत्रकात पोर्तुगीज प्रांत असा उल्लेख आला आणि भारतात संतापाची लाट उसळली. नेमके त्याच सुमारास बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह हे सोव्हिएत नेते भारतभर फिरत होते आणि गोवा व काश्मीर या दोन्ही प्रश्नांवर उघडपणे भारताच्या बाजूने बोलत होते. त्यांचे जंगी स्वागत झाले. एकाच हिवाळ्यात, एकाच प्रश्नावर, बाहेरून दोन आवाज आले. एक आपल्याला ढवळाढवळ वाटला, दुसरा पाठिंबा.

31 मार्च 1971 रोजी संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. तो कायद्याने पाकिस्तानच्या अंतर्गत राजकारणाविषयी होता. पण माणसे मारली जात होती, निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते आणि गप्प राहा असे सांगणारे भारतात फारसे कोणी नव्हते. पुढे आणीबाणीत बाजू उलटली. मुंबईचे कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांना जून 1976 मध्ये अटक झाली, तेव्हा युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी त्यांच्या जिवाविषयी दिल्लीकडे काळजी व्यक्त केली. त्या काळी सरकारच्या तोंडी परकीय हात हा शब्दप्रयोग होता आणि तुरुंगातल्यांना मात्र ती काळजी आधाराची वाटत होती.

पहिली भूमिका: बोलू नये

बोलू नये असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा सार्वभौमत्वाचा. लोकशाही देशात न्यायालय आहे, संसद आहे, निवडणूक आहे; घरचा वाद मिटवायला घरची माणसे समर्थ आहेत. हा आक्षेप एका पक्षापुरता नव्हता. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या, त्या वेळी शिवसेनेत असलेल्या प्रियंका चतुर्वेदी यांचा पक्ष शेतकऱ्यांच्या बाजूने होता, तरी भारताचा अंतर्गत प्रश्न दुसऱ्या देशाच्या राजकारणाचे खाद्य होऊ नये, असे त्यांनी ट्रुडो यांना सुनावले.

दुसरा मुद्दा माहितीचा. 9 डिसेंबर 2020 रोजी ब्रिटनच्या संसदेत शीख खासदार तनमनजीत सिंग ढेसी यांनी शेतकरी आंदोलनाविषयी प्रश्न विचारला, तर पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी भारत-पाकिस्तान तंट्यावर उत्तर दिले. शेती कायद्यांवर तर देशातच एकमत नव्हते. पंजाबात गहू-तांदळाची सरकारी खरेदी मंडीत हमीभावाने होते, म्हणून तिथे बाजार समितीची व्यवस्था मोडण्याची भीती खरी होती. महाराष्ट्रात 2016 पासूनच फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झालेला होता. डिसेंबर 2020 मध्ये किसान सभेचे शेतकरी नाशिकहून वाहनांनी दिल्लीकडे निघाले, तर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा वारसा सांगणारे अनिल घनवट कायद्यांच्या बाजूचे होते आणि सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2021 रोजी नेमलेल्या समितीत बसले. बाहेरून पाहणाऱ्याला शेतकरी हा एकच शब्द दिसतो, आतली ही वीण दिसत नाही.

तिसरा मुद्दा हेतूचा. बोलणारा नेता आपल्या मतदाराकडे पाहून बोलतो, अशी शंका घेतली जाते. ज्या कॅनडाने आंदोलनाविषयी काळजी दाखवली त्यानेच अमेरिकेच्या साथीने, कडधान्यांना भारत देत असलेला आधार मर्यादेबाहेरचा असल्याचे 2019 साली जागतिक व्यापार संघटनेत मांडले होते, याकडे टीकाकारांनी बोट दाखवले. शिवाय 2016 साली कॅप्टन अमरिंदर सिंग यांना पंजाब निवडणुकीआधी कॅनडातल्या पंजाब्यांसमोर सभा घ्यायच्या होत्या, तेव्हा परदेशी राजकारण्यांनी आमच्या भूमीवर प्रचार करू नये, या धोरणाचा आधार घेऊन ओटावाने त्या होऊ दिल्या नाहीत. आपले अंगण जपणाऱ्याने दुसऱ्याचेही जपावे, असा हा युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका: बोलावे

बोलावे म्हणणाऱ्यांचा आधार असा की हक्कांना सीमा नसतात. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क भारताच्या राज्यघटनेतही आहे आणि भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांतही. तो आठवून देणे म्हणजे कायद्यांच्या बाजूने किंवा विरोधात बोलणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या प्रवक्त्यानेही डिसेंबर 2020 मध्ये, लोकांना शांततेने निदर्शने करण्याचा हक्क आहे, एवढेच म्हटले होते.

ते इतिहासाचाही दाखला देतात. 1898 साली लोकमान्य टिळकांची मुदतीआधी सुटका झाली, त्यामागे मॅक्स म्युलर यांच्यासारख्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या अर्जाचा हात होता. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, तेव्हा परागंदा असलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेऊन लिहिले. दक्षिण आफ्रिकेतला वंशभेद बाहेरच्या आवाजांशिवाय तेवढ्यात संपला असता का, असा प्रश्न ते विचारतात. जिथे न्यायालय आणि वृत्तपत्र दोन्ही दाबली जातात तिथे बाहेरचा आवाज हा कधीकधी एकमेव उरतो.

आणि ते भारताच्या अलीकडच्या वागण्याकडेही लक्ष वेधतात. 8 मार्च 2021 रोजी ब्रिटिश खासदारांनी एक लाखाहून अधिक सह्यांच्या अर्जावरून शेतकरी आंदोलनावर चर्चा केली. कृषी सुधारणा ही भारताची अंतर्गत बाब आहे, अशीच ब्रिटिश सरकारची भूमिका होती, तरी दुसऱ्या दिवशी भारताने ब्रिटनच्या उच्चायुक्तांना पाचारण केले. आठवडाभरात, 15 मार्चला, राज्यसभेत ब्रिटनमधल्या वंशद्वेषाचा प्रश्न निघाला आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी, गांधींच्या भूमीला वंशद्वेषाकडे डोळेझाक करता येणार नाही, असे उत्तर दिले. बोलण्याचा हक्क प्रत्येक देश स्वतःसाठी राखून ठेवतो, असा याचा अर्थ ही मंडळी लावतात.

तिसरी भूमिका: कसे, कुठे, किती

या दोहोंच्या मध्ये राजनैतिक व्यवहार जाणणाऱ्यांची भूमिका आहे. बोलावे की नाही यापेक्षा कसे बोलावे हे महत्त्वाचे, असे ते मानतात. तत्त्वापुरते बोलावे, धोरणात बाजू घेऊ नये; जे जाहीर सांगायचे ते आधी खासगीत सांगावे; आणि मित्राला जे सांगतो तेच शत्रूलाही सांगावे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 4 फेब्रुवारी 2021 च्या सुमारास केलेले विधान या पठडीतले होते. बाजार सुधारणांचे स्वागत, शांततामय निदर्शने हे लोकशाहीचे लक्षण असल्याची आठवण आणि संवादाचे आवाहन, अशी तिन्ही सूत्रे त्यात होती. भारताने त्यावर संताप न दाखवता ते समग्रपणे पाहावे असे म्हटले. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीत आलेले ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनीही, ब्रिटनमधल्या भारतीयांमुळे तुमचे राजकारण काही अर्थाने आमचेही होते, हे कबूल करून निर्णय भारताचा असल्याचे मान्य केले.

पण हे सूत्र दर वेळी चालते असे नाही. मार्च 2024 मध्ये दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना अटक झाली. त्यांचा पक्ष पंजाबात सत्तेवर होता, त्यामुळे चंडीगडमध्येही खळबळ उडाली. निष्पक्ष सुनावणी व्हावी, अशा अर्थाचे मोजके विधान जर्मनी आणि अमेरिका यांनी केले, तरी भारताने दोन्ही देशांच्या दूतावासांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावून निषेध नोंदवला.

बोलण्याने काय साधले

कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 19 नोव्हेंबर 2021 रोजी केली. तो दिवसही गुरू नानक जयंतीचाच होता. त्यात ट्रुडो यांच्या बोलण्याचा वाटा होता, असे म्हणायला आधार नाही. वर्षभर रस्त्यावर टिकून राहिलेले आंदोलन आणि समोर असलेल्या पंजाब व उत्तर प्रदेशच्या निवडणुका, ही कारणे त्याहून कितीतरी ठळक होती.

संबंधांवर झालेला परिणामही सरळ रेषेत जात नाही. 10 फेब्रुवारी 2021 रोजी ट्रुडो यांनी मोदींना फोन केला आणि 3 मार्चला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीच्या 5 लाख मात्रा कॅनडात पोहोचल्या. गरज आली की संबंध सावरतात. त्या फोननंतर मात्र दोन्ही सरकारांनी आंदोलनाविषयीचे बोलणे आपापल्या परीने सांगितले. निदर्शनांवर आणि संवादाच्या महत्त्वावर चर्चा झाल्याचे ओटावाने म्हटले, तर संवादाचा मार्ग निवडल्याबद्दल ट्रुडो यांनी भारत सरकारची प्रशंसा केल्याचे दिल्लीने म्हटले.

त्यानंतरची मोठी फूट वेगळ्या कारणाने पडली. 18 सप्टेंबर 2023 रोजी ट्रुडो यांनी कॅनडातले खलिस्तान समर्थक नेते हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येत भारताच्या हस्तकांचा संबंध असल्याचा आरोप कॅनडाच्या संसदेत केला. भारताने तो फेटाळला. तो कॅनडाच्या भूमीवरच्या गुन्ह्याविषयीचा आरोप होता. दुसऱ्या देशाच्या राजकारणावरच्या टिप्पणीशी त्याची गल्लत करू नये. पण त्या वादात भारताने कॅनडाच्या अधिकाऱ्यांवर अंतर्गत कारभारात ढवळाढवळीचा ठपका ठेवला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये कॅनडाला 41 राजनैतिक अधिकारी परत न्यावे लागले. चंडीगडच्या एलांते संकुलातल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात, तसेच मुंबई आणि बंगळुरूमध्ये, समक्ष मिळणारी सेवा थांबली. दोन राजधान्यांतल्या कडक शब्दांचा पहिला फटका व्हिसाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना बसला. संबंध पुन्हा रुळावर यायला जून 2025 उजाडावा लागला, तेव्हा कॅनडाचे नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या निमंत्रणावरून मोदी जी-7 परिषदेला गेले आणि उच्चायुक्त पुन्हा नेमण्याचे ठरले.

बाहेरचे बोल उलटतात, याची उदाहरणे जगातही आहेत. कॅनडा हे अमेरिकेचे 51वे राज्य व्हावे, असे डोनाल्ड ट्रम्प म्हणत राहिले आणि मागे पडलेला लिबरल पक्ष 28 एप्रिल 2025 ची निवडणूक जिंकून गेला. ब्राझीलमध्ये माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला थांबावा म्हणून ट्रम्प यांनी जुलै 2025 मध्ये 50 टक्के आयातशुल्काची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बोल्सोनारो यांना दोषी ठरवलेच. इथे शब्दाला आर्थिक दट्ट्याची जोड होती, म्हणून हे प्रकरण 1986 च्या कसोटीच्या बरेच जवळ जाते.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न सीमेचा. काळजी, सल्ला, निषेध, दबाव आणि सक्ती या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. सक्तीची पायरी कायद्याने दाखवून दिली, आधीच्या पायऱ्यांवर कुठे थांबावे याबद्दल एकमत नाही.

दुसरा, नेता कोणाला म्हणावे. फेब्रुवारी 2021 मध्ये गायिका रिहानाच्या आंदोलनाविषयीच्या एका ट्वीटवर परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढले आणि सचिन तेंडुलकर, लता मंगेशकर यांनीही देशाच्या एकजुटीविषयी लिहिले. कलावंत, खासदार आणि पंतप्रधान यांच्या बोलण्याचे वजन सारखे नसते. त्याला दिलेले उत्तरही सारखे नसावे, पण असा भेद करण्याची रीत अजून रुजलेली नाही.

तिसरा, सातत्याचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा हा न्याय डलेस-ख्रुश्चेव्हच्या काळात होता, आजही आहे. एकच मोजपट्टी सर्वांना लावणारा देश अजून दिसलेला नाही. मग निदान नागरिकाने तरी तशी मोजपट्टी हाती धरावी का, हा प्रश्न आपल्यासाठी खुला आहे.

चौथा प्रश्न ज्याच्याविषयी बोलले जाते त्या माणसाचा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. बाहेरचा आवाज उठला की आंदोलकाला बळ मिळते, हे खरे. त्याच क्षणी त्याच्यावर बाहेरच्यांचा हस्तक असल्याचा संशय घेणेही सोपे होते, हेही खरे. ट्रुडो बोलल्यानंतर काही दिवस चर्चा हमीभाव आणि बाजार समितीवरून उठून कॅनडावर गेली. ट्रॉलीत थंडी काढणाऱ्याला त्या देवाणघेवाणीत काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हे त्यालाच विचारायला हवे होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघाले तेव्हा केंद्रीय मंत्री त्यांच्याशी बोलायला चंडीगडला आले. सेक्टर 26 मधल्या महात्मा गांधी राज्य लोकप्रशासन संस्थेत रात्री उशिरापर्यंत बैठका झाल्या. हमीभावाला कायद्याचा आधार मिळावा ही मागणी त्या टेबलावर होती, आणि तेव्हा ती सुटली नाही. त्या टेबलाभोवती कोणी परदेशी नेता नव्हता, असायची गरजही नव्हती. पण बैठकीतून बाहेर पडणाऱ्या कित्येकांच्या खिशातला फोन कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून आणि सरेहून वाजणार होता. घरचा वाद घरच्यांनीच मिटवायचा, हे मान्य केले तरी घर कुठवर पसरले आहे, हे ठरवायचे बाकीच आहे.